पीसीबीवरच्या कोणत्या ट्रेसला टर्मिनेशन लागतं? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

एसपीआयचा (मायक्रोकंट्रोलर आणि फ्लॅशसारख्या चिपमधल्या डेटाच्या जोडणीचा) क्लॉक जेमतेम १ मेगाहर्ट्झ. बोर्ड चार लेयरचा, सोल्डरिंग स्वच्छ, कोड दहा वेळा तपासलेला. तरीही फ्लॅश चिपमधून अधूनमधून एक बिट सरकलेला डेटा येतो. क्लॉक ५०० किलोहर्ट्झवर आणला तरी तेच. मग स्कोपचा प्रोब क्लॉकच्या पिनवर टेकवावा, तर चूक गायब होते आणि प्रोब काढला की परत येते.

हे लक्षण जवळजवळ नेहमी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: ट्रेसच्या (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेच्या) टोकावरून परत फिरणारा सिग्नल. पाटाच्या पाण्यापुढे बांध आला की पाणी तिथे तुंबून वर चढतं आणि लाट मागे फिरते. ट्रेसच्या शेवटी सीमॉस इनपुट असलं की व्होल्टेजचं तसंच होतं. टर्मिनेशन म्हणजे ती लाट कुठेतरी जिरवण्याची सोय. ती कुठल्या ट्रेसला करायची, कुठल्याला नाही, कितीच्या रेझिस्टरने आणि कोणत्या टोकाला, हे ओळीने पाहू.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- ड्रायव्हर (सिग्नल पाठवणारी) आणि रिसीव्हर (तो घेणारी), दोन्ही चिपच्या डेटाशीट. शक्य असेल तर ड्रायव्हरची आयबिस फाइल, म्हणजे पिनच्या विद्युत वागणुकीचं मॉडेल. ती बहुतेक उत्पादकांच्या साइटवर फुकट मिळते.
- बोर्ड बनवणाऱ्या फॅबचा स्टॅकअप: कोणत्या लेयरमध्ये किती जाडीचं प्रीप्रेग (तांब्याच्या थरांमधलं इन्सुलेशन), तांबं किती.
- इम्पिडन्स (ट्रेसवरून धावणाऱ्या लाटेच्या व्होल्टेजला करंटने भागून येणारे ओम) काढायला कॅल्क्युलेटर. कीकॅडमध्ये तो आयताच आहे.
- एलटीस्पाइस. फुकट आहे आणि त्यातल्या ट्रान्समिशन लाइनच्या घटकाला फक्त इम्पिडन्स आणि डिले द्यायचा असतो.
- १०, २२, २७, ३३, ४७, ६८ आणि १०० ओमचे ०६०३ आकाराचे रेझिस्टर, प्रत्येकी पंचवीस-पन्नास. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली जवळ असेल तर तिथून आणा, नाहीतर ऑनलाइन मागवा. थिक फिल्म चिप रेझिस्टरच घ्या. वायरवाउंड नको, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स आड येतं.
- निदान २०० मेगाहर्ट्झचा स्कोप आणि प्रोबला लावायची ग्राउंडची स्प्रिंग. ही स्प्रिंग प्रोबच्या डबीत येते आणि बहुतेक जण ती डबीतच ठेवून देतात. बाहेर काढून ठेवा.

## १. क्लॉकची फ्रिक्वेन्सी बाजूला ठेवा, एज बघा

नवख्यांची पहिली आणि सगळ्यात महागडी समजूत: "माझा सिग्नल तर हळू आहे, मला टर्मिनेशन कशाला?" सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो याच्याशी रिफ्लेक्शनचा संबंध नाही. तो बदलताना, म्हणजे त्याच्या एजला, ० वरून ३.३ व्होल्टवर किती वेळात चढतो (राइज टाइम), याच्याशी आहे. दिवसातून एकदाच हलणारी रीसेटची लाइनसुद्धा १ नॅनोसेकंदात चढत असेल तर ती वेगवान लाइन आहे.

राइज टाइम डेटाशीटमध्ये शोधताना एक खड्डा आहे. तिथे बहुधा कमाल आकडा दिलेला असतो, म्हणजे "याहून हळू होणार नाही". आपल्याला हवा असतो किमान आकडा, म्हणजे एज जास्तीत जास्त किती तीक्ष्ण असू शकते तो. तो छापलेला नसेल तर आयबिस फाइलमधल्या रॅम्पच्या ओळी पाहा किंवा प्रत्यक्ष मोजा. ढोबळ अंदाजाला ७४एचसी घराण्याच्या चिप ५ व्होल्टवर ६ नॅनोसेकंदांच्या आसपास चढतात, ७४एलव्हीसी किंवा ७४एसी १ ते २ नॅनोसेकंदांत. आजच्या मायक्रोकंट्रोलरचा पिन सर्वांत वेगवान सेटिंगवर १ नॅनोसेकंदाच्या जवळपास पोचू शकतो.

इथेच एक फुकटचा उपाय आहे. एसटीएम३२एफ४ मध्ये प्रत्येक पिनला वेगाच्या चार पातळ्या असतात. कोड तयार करून देणाऱ्या टूलमध्ये सवयीने "व्हेरी हाय" निवडलं जातं, गरज असो वा नसो. आरपी२०४० मध्ये ड्राइव्ह २, ४, ८ किंवा १२ मिलिअँपिअर आणि स्ल्यू (चढण्या-उतरण्याचा वेग) जलद किंवा संथ असं ठरवता येतं. १ मेगाहर्ट्झच्या एसपीआयला सर्वांत खालची पातळी पुरते. रेझिस्टर लावण्याआधी हे सेटिंग खाली आणून बघा; निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

## २. किती लांबी म्हणजे लांब?

एफआर४ बोर्डच्या बाहेरच्या लेयरवर सिग्नलला १ मिमी जायला साधारण ६ पिकोसेकंद लागतात, आतल्या लेयरमध्ये ७. एका दिशेचा हा डिले राइज टाइमच्या सहाव्या हिश्शाहून कमी असेल, तर परत आलेली लाट चढत्या एजमध्येच विरून जाते आणि ट्रेसला साधी तार समजायला हरकत नाही. बाहेरच्या लेयरसाठी हिशेब तोंडपाठ ठेवण्याजोगा आहे: राइज टाइम नॅनोसेकंदांत घ्या, २८ ने गुणा, उत्तर मिलिमीटरमध्ये.

- ६ नॅनोसेकंद: सुमारे १६७ मिमी
- २ नॅनोसेकंद: सुमारे ५५ मिमी
- १ नॅनोसेकंद: सुमारे २८ मिमी
- ०.५ नॅनोसेकंद: सुमारे १४ मिमी

याहून आखूड ट्रेस सोडून द्या. जाऊन-येऊन लागणारा वेळ राइज टाइमच्याही वर गेला, म्हणजे लांबी या आकड्यांच्या तिपटीच्या पुढे गेली, की रिंगिंग (व्होल्टेजचं वर-खाली झुलणं) पूर्ण जोराने दिसतं. तिथे टर्मिनेशन हवंच. मधला पट्टा निर्णयाचा आहे आणि तिथे सिग्नल कोणत्या कामाचा आहे हे बघा. क्लॉक, रीसेट, चिप सिलेक्ट, राइट स्ट्रोब, इंटरप्ट, म्हणजे ज्यांच्या एजवर काही घडतं, त्यांना मधल्या पट्ट्यातही टर्मिनेशन द्या. डेटाच्या लाइन क्लॉकची एज येईपर्यंत स्थिरावल्या की पुरतं, त्यामुळे त्यांना बरंच माफ असतं.

लांबी मोजताना मुख्य ट्रेसला फुटलेल्या फांद्याही मोजा. प्रोग्रॅमिंगच्या हेडरकडे जाणारी ४० मिमीची रिकामी फांदी ही पण टोक उघडं असलेली लाइनच आहे, हेडरमध्ये काही खोचलेलं नसलं तरी.

## ३. ट्रेसचा इम्पिडन्स काढा

इम्पिडन्स ठरतो तो ट्रेसची रुंदी, खालच्या ग्राउंड प्लेनपासूनचं अंतर आणि मटेरिअल यांवर. लांबीशी त्याचा संबंध नाही. चार लेयरच्या बोर्डमध्ये वरच्या लेयरखाली ०.२ मिमीवर ग्राउंड असेल, तर ०.३५ मिमी रुंद ट्रेसचा इम्पिडन्स ५० ओमच्या आसपास येतो.

दोन लेयरच्या १.६ मिमी बोर्डवर चित्र पार वेगळं. तिथे ५० ओमसाठी जवळजवळ ३ मिमी रुंद ट्रेस लागेल. आपण घालतो त्या ०.२५ मिमीच्या ट्रेसचा इम्पिडन्स, खाली सलग ग्राउंड असला तर, १३० ओमच्या घरात जातो. म्हणून कुणाच्या तरी चार लेयरच्या डिझाइनमधला ३३ ओमचा रेझिस्टर दोन लेयरच्या बोर्डवर जसाच्या तसा उचलला तर तो अपुरा पडतो. तिथे १०० ओमच्या आसपासचा लागतो.

आणि खाली ग्राउंड सलग नसेल तर? मग कोणताच आकडा खरा नाही. ट्रेस ज्या फटीवरून उडी मारते, तिथे परतीच्या करंटला वळसा घालावा लागतो आणि इम्पिडन्स उडतो. त्या जागेवरचं रिफ्लेक्शन टोकावरच्या रेझिस्टरने जात नाही. आधी फट बुजवा किंवा ट्रेस हलवा. लेयर बदलताना सिग्नलच्या व्हायाशेजारी (दोन लेयर जोडणाऱ्या भोकाशेजारी), १-२ मिमीच्या आत, ग्राउंडचा एक व्हाया द्या. हे काम फुकट आहे आणि सगळ्यांत जास्त विसरलं जातं.

## ४. ड्रायव्हर आतून किती ओमचा आहे?

डेटाशीट सांगते: लो आउटपुट ८ मिलिअँपिअरला कमाल ०.४ व्होल्ट. भागाकार केला तर ५० ओम. हा आकडा वापरू नका. तो गरम तापमानाचा, सर्वांत दुबळ्या चिपचा आहे. नेहमीची चिप त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली असते.

चांगला आकडा बाकावर दोन मिनिटांत मिळतो. पिन हाय ठेवा, मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, समजा ३.३०. आता पिन आणि ग्राउंडमध्ये २२० ओमचा रेझिस्टर लावा आणि परत बघा, समजा ३.०२. ३.३० ला ३.०२ ने भागा, त्यातून १ वजा करा, २२० ने गुणा: २० ओम. करंट १४ मिलिअँपिअरच्या आत राहतो, पण तुमच्या पिनची मर्यादा आधी डेटाशीटमध्ये पाहून घ्या. हेच लो साठी रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे जोडून करा. दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात; मधला धरा. पिनचं ड्राइव्ह सेटिंग बदललं की हा आकडाही बदलतो, तेव्हा अंतिम सेटिंगवरच मोजा.

## ५. एक ट्रेस पूर्ण हिशेबासह

३.३ व्होल्टचा क्लॉक, ड्रायव्हर २० ओम, ट्रेस ५० ओम, लांबी १२० मिमी, राइज टाइम १ नॅनोसेकंद. एका दिशेचा डिले ०.७२ नॅनोसेकंद, जाऊन-येऊन १.४४. म्हणजे पूर्ण रिंगिंगचा प्रदेश.

ड्रायव्हर वळला त्या क्षणी त्याला पलीकडचं टोक दिसत नाही, फक्त ५० ओमची लाइन दिसते. म्हणून निघणारी लाट ३.३ × ५० ÷ ७० = २.३६ व्होल्टची. रिसीव्हरचं इनपुट जवळजवळ उघडं टोक, तिथे ती दुप्पट होते: ४.७१ व्होल्ट. पुरवठा ३.३ चा आणि पिनवर ४.७! परत फिरलेली लाट ड्रायव्हरकडे पोचते. तिथला परावर्तन गुणांक (२० − ५०) ÷ (२० + ५०), म्हणजे −०.४३. लाट उलटी होऊन पुन्हा रिसीव्हरकडे जाते आणि व्होल्टेज २.६९ वर आणते. पुढच्या फेरीत ३.५६, मग ३.१९, आणि असं करत ते ३.३ वर टेकतं.

उतरत्या एजला हेच खाली होतं: पिन −१.४ व्होल्टपर्यंत ओढला जातो. बहुतेक चिपची खालची मर्यादा −०.३ ते −०.५ व्होल्ट असते. प्रत्यक्षात इनपुटमधले संरक्षक डायोड हे टोक कापतात, त्यामुळे स्कोपवर आकडे इतके भडक दिसणार नाहीत. पण तो करंट चिपच्या सब्स्ट्रेटमध्ये जातो, आणि रोज लाखो वेळा जातो.

आता ड्रायव्हर २० ऐवजी १० ओमचा धरा. पहिली लाट २.७५, रिसीव्हरवर ५.५, आणि पुढच्या फेरीत व्होल्टेज कोसळतं १.८३ वर. ३.३ व्होल्टच्या सीमॉस इनपुटला हाय समजायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे २.३१ व्होल्ट लागतात. १.८३ हे ना धड हाय, ना लो. इनपुटने ते लो समजून पुन्हा हाय मोजलं की एका क्लॉकचे दोन झाले. सुरुवातीच्या फ्लॅशमध्ये बिट सरकतो तो असा. आणि प्रोब टेकवल्यावर चूक का जाते? प्रोबचे दहा-बारा पिकोफॅरड एजला थोडं बोथट करतात, तेवढ्याने खड्डा भरतो. क्लॉक कमी करून काही साधत नाही, कारण एज तीच राहते.

## ६. पहिला उपाय: ड्रायव्हरपाशी सिरीज रेझिस्टर

एक ड्रायव्हर, एक रिसीव्हर असेल तर दुसरीकडे बघूच नका. लाइनचा इम्पिडन्स वजा ड्रायव्हरचा रेझिस्टन्स, एवढा रेझिस्टर ड्रायव्हरच्या पिनला खेटून. आपल्या उदाहरणात ५० − २० = ३० ओम, बाजारात मिळणारा ३३. निघणारी लाट १.६० व्होल्टची होते, रिसीव्हरवर दुप्पट होऊन ३.२०, परत येते ती ५३ ओममध्ये जवळपास पूर्ण जिरते. शेवटचं व्होल्टेज ३.३०. डीसी करंट शून्य, खर्च एका रेझिस्टरचा, आणि रेडिएशनही घटतं.

यात होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत.

रेझिस्टर चुकीच्या टोकाला. एसपीआयमध्ये क्लॉक आणि मोसी (जाणारा डेटा) मायक्रोकंट्रोलर चालवतो, पण मिसो (येणारा डेटा) चालवते फ्लॅश. मग मिसोचा रेझिस्टर फ्लॅशपाशी हवा. चारही रेझिस्टर मायक्रोकंट्रोलरजवळ एका सुबक रांगेत दिसले की समजावं, एक तरी चुकला आहे. रिसीव्हरच्या टोकाला ठेवलेला ३३ ओम लाट जिरवत नाही. क्वाड एसपीआय किंवा एसडी कार्डच्या दोन्ही दिशांनी चालणाऱ्या डेटा लाइनना दोन्ही टोकांना रेझिस्टर देता येतो. ऐकणाऱ्या बाजूचा रेझिस्टर ५ पिकोफॅरडच्या पिनसमोर फक्त दीड-पावणेदोनशे पिकोसेकंद उशीर करतो.

पिनपासून दूर. पिन ते रेझिस्टर हा तुकडा एजच्या मानाने नगण्य असावा. १ नॅनोसेकंदाच्या एजला १० मिमीच्या आत.

३३० चा घोटाळा. पाच टक्क्यांच्या चिप रेझिस्टरवर "३३०" छापलेलं असेल तर तो ३३ ओमचा असतो. ३३० ओमच्या रेझिस्टरवर "३३१" असतं. उलटं समजून ३३० ओम लागले तर लाट ०.४ व्होल्टची निघते आणि रिसीव्हरवर सिग्नल जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो. ०४०२ वर बहुधा काहीच छापलेलं नसतं, तेव्हा पट्टीवर लगेच पेनाने लिहून ठेवा.

मध्येच बसवलेला दुसरा रिसीव्हर. सिरीज टर्मिनेशनमध्ये वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर सिग्नल आधी अर्ध्यावर चढतो, लाट परतेपर्यंत तिथेच थांबतो, मग पूर्ण होतो. ड्रायव्हरपाशी हा थांबा १.४४ नॅनोसेकंदांचा, व्होल्टेज १.६. नेमक्या उंबरठ्यावर! क्लॉकचा रिसीव्हर लाइनच्या मध्ये कधीही बसवू नका. आणि स्कोप ड्रायव्हरच्या टोकाला लावून ही पायरी दिसली तर घाबरू नका. ती तशीच दिसायला हवी.

एकच रेझिस्टर, नंतर फाटे. दोन सारख्या लांबीच्या लाइन एकाच ड्रायव्हरवर असतील तर प्रत्येकीला वेगळा रेझिस्टर, आणि त्याचं मूल्य ५० वजा ड्रायव्हरच्या दुप्पट: ५० − ४० = १० ओम. तीन लाइनला उत्तर ऋण येतं. म्हणजे हा ड्रायव्हर तीन लाइन पेलू शकत नाही. क्लॉक बफर घ्या. क्लॉक बफरवरचे दीडशे-दोनशे रुपये वाचवायला तीन फाट्यांचा क्लॉक काढणं हा खोटा हिशेब आहे.

रेझिस्टरऐवजी फेराइट बीड. तो रेझिस्टर नाही. फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो आणि मधल्या पट्ट्यात इंडक्टर होऊन स्वतःच रिंगिंग करू शकतो.

पहिल्या प्रोटोटाइपवर शंका असलेल्या प्रत्येक लाइनला ड्रायव्हरपाशी ०६०३ ची जागा सोडा आणि शून्य ओम भरा. मोजून झालं की बदला. जागाच नसेल तर ट्रेस कापून रेझिस्टर उभा सोल्डर करायची वेळ येते.

## ७. सिरीज पुरत नाही तेव्हा

एका लाइनवर अनेक रिसीव्हर ओळीने बसलेत आणि सगळ्यांना स्वच्छ एज हवी, तर लाट शेवटच्या टोकाला जिरवावी लागते.

सरळ मार्ग म्हणजे शेवटी ५० ओम ग्राउंडला. कागदावर सोपा, पण हिशेब करा: ३.३ ÷ ७० म्हणजे ४७ मिलिअँपिअर, एका पिनमधून, सतत. एसटीएम३२ च्या पिनची कमाल मर्यादा २५. शिवाय हाय पातळी २.३६ वर बसते, २.३१ च्या जेमतेम वर. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला हा उपाय नाही.

दोन रेझिस्टरचं थेव्हेनिन, १०० ओम पुरवठ्याकडे आणि १०० ओम ग्राउंडकडे, यात पातळ्या २.८३ आणि ०.४७ येतात, पिनचा करंट २४ मिलिअँपिअर. अजूनही काठावर. भर म्हणजे ड्रायव्हर ट्रायस्टेट झाला, म्हणजे त्याने लाइन सोडून दिली, की लाइन १.६५ वर लटकते, म्हणजे नेमकी उंबरठ्यावर, आणि इनपुट अस्थिर होतं. तशी वेळ येणार असेल तर दोन रेझिस्टर असमान घ्या, समांतर मूल्य मात्र ५० च ठेवा.

क्लॉकसाठी तिसरा मार्ग बरा: शेवटी ५० ओम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० पिकोफॅरड ग्राउंडला. डीसी करंट नाही. रेझिस्टर-कपॅसिटरचा गुणाकार ५ नॅनोसेकंद येतो, तो आपल्या १.४४ नॅनोसेकंदांच्या फेरीच्या तिपटीहून जास्त आहे, म्हणून चालतं. २५ मेगाहर्ट्झला साधारण २७ मिलिवॅट जातात. कपॅसिटर उगाच मोठा घेतलात तर फक्त वीज जाळाल. डेटाच्या लाइनला हे टाळा. आधीच्या बिटनुसार कपॅसिटरवरचा चार्ज बदलतो आणि एज मागे-पुढे सरकते.

## ८. जोडीने जाणाऱ्या लाइन

एलव्हीडीएसमध्ये (कमी व्होल्टेजचा सिग्नल दोन तारांवर पाठवण्याच्या पद्धतीत) ३.५ मिलिअँपिअर १०० ओममधून जाऊन ३५० मिलिव्होल्ट तयार होतात. हा १०० ओम रिसीव्हरच्या पिनांना खेटून, दोन तारांमध्ये. एफपीजीएच्या आतला १०० ओम चालू आहे आणि बाहेरही एक लावलाय, ही चूक वारंवार होते: दोन्ही मिळून ५० ओम, सिग्नल १७५ मिलिव्होल्टवर. रिसीव्हरला १०० मिलिव्होल्ट हवेत, म्हणजे खोलीत सगळं चालतं आणि लांब केबलवर अडतं.

कॅन आणि आरएस-४८५ या लांब केबलवरच्या बसना दोन्ही टोकांना १२० ओम, मध्ये कुठेही नाही. तपासणी अगदी सोपी. सगळ्या बोर्डांची वीज बंद करा आणि कॅनच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओम आले तर बरोबर. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. बहुतेक वेळा तो बाजारातून आणलेल्या तयार मॉड्यूलवर आधीच सोल्डर केलेला असतो. तो काढून टाका.

## ९. जिथे काही लावायचं नाही

आयटूसीचे ४.७ किलोओमचे पुल-अप हे टर्मिनेशन नाही. ते फक्त लाइन वर ओढतात. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीला वेगळं टर्मिनेशन देऊ नका.

हाय स्पीड यूएसबीत प्रत्येक तारेचे ४५ ओम चिपच्या आत असतात. बाहेर २२ ओम टाकले की जुळणी बिघडते. फुल स्पीड यूएसबीत काही चिपना बाहेरचे सिरीज रेझिस्टर लागतात, काहींना नाही. हे डेटाशीट वाचूनच ठरवा, जुन्या सर्किटवरून नाही.

डीडीआर२ मेमरीपासून डेटाच्या लाइनचं टर्मिनेशन मेमरीच्या आतच असतं आणि ते रजिस्टरमधून चालू करायचं असतं. डीडीआर३ मध्ये अॅड्रेसच्या लाइन मात्र एका चिपवरून दुसरीवर जात शेवटी बोर्डवरच्या रेझिस्टरमधून ०.७५ व्होल्टच्या पुरवठ्याला टेकतात. झेडक्यू पिनवरचा २४० ओम १ टक्क्याचाच लावा. आतले सगळे रेझिस्टर त्याच्याशी ताडून बेतले जातात.

## १०. मोजून खात्री करा, पण प्रोबला फसू नका

प्रोबच्या १५ सेंटीमीटर काळ्या ग्राउंड तारेचं इंडक्टन्स दीडशे नॅनोहेन्रीच्या घरात. प्रोबच्या १० पिकोफॅरडशी मिळून ते १३० मेगाहर्ट्झला आपणच वाजतं. स्कोपवर दिसलेलं रिंगिंग बोर्डवरचं की तारेचं, हे तुम्हाला कळणारच नाही. स्प्रिंग लावा, टोक रिसीव्हरच्या पिनवर, स्प्रिंग शेजारच्या ग्राउंडवर. रिंगिंग निम्म्याने उतरलं तर ते प्रोबचं होतं.

स्कोपचीही मर्यादा असते. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचा राइज टाइम ३.५ नॅनोसेकंद, १ नॅनोसेकंदाची एज त्यावर ३.६ ची दिसते आणि ओव्हरशूट (पुरवठ्याच्या वर उसळलेलं टोक) गुळगुळीत होऊन जातं. "स्कोपवर तर सगळं छान दिसतंय" याचा अर्थ अशा वेळी काहीच नसतो. तेवढाच स्कोप हाती असेल तर एलटीस्पाइसवर जास्त भरवसा ठेवा: १२० मिमीच्या ट्रेससाठी इम्पिडन्स ५० आणि डिले ०.७२ नॅनोसेकंद भरा, ड्रायव्हरला २० ओम, रिसीव्हरला ५ पिकोफॅरड.

रिंगिंग खरंच ट्रेसचं असेल तर त्याचा एक आवर्तकाल एका दिशेच्या डिलेच्या चौपट असतो, रिसीव्हरच्या कपॅसिटन्समुळे किंचित जास्त. आपल्या ट्रेसला २.८८ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ३५० मेगाहर्ट्झ. स्कोपवर मोजलेल्या आवर्तकालाला ४ ने भागा, ६ पिकोसेकंदांनी भागा आणि आलेली लांबी लेआउटमधल्या लांबीशी ताडून बघा. जुळली नाही, तर दोषी ती ट्रेस नाही; विसरलेली फांदी किंवा ग्राउंडमधली फट शोधा.

रेझिस्टर बदलून बघताना एका वेळी एकच पायरी चढा: २२, २७, ३३, ४७. ओव्हरशूट पुरवठ्याच्या १० टक्क्यांत आलं की थांबा. रिसीव्हरवर एज चढता चढता मध्येच अडखळून पुढे जात असेल तर एक पायरी जास्त झाली आहे, मागे या. ठरलेलं मूल्य सर्किटमध्ये लिहिताना शेजारी ड्रायव्हरचं ड्राइव्ह सेटिंग आणि ट्रेसची लांबीही लिहा. सहा महिन्यांनी ती चिप बाजारात मिळत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची बदली चिप बसेल, किंवा तोच भाग क्रमांक असूनही नव्या प्रक्रियेवर बनलेली, जास्त तीक्ष्ण एजची चिप येईल. त्या दिवशी ४ थ्या पायरीपासून पुन्हा मोजावं लागेल, आणि जुना ३३ कशासाठी होता हे त्या ओळीवरूनच कळेल.